डाळिंबी लुगड्याचा मधला तुकडा

माझा परकर वासरानं खाल्ला, तिथून हे सगळं सुरू झालं. पुष्कळांना वाटतं की मी हे रचून सांगते. पण गोठ्याच्या मेढीला वाळत घातलेला कपडा गुरं चघळतात, त्यांना त्यात घामाचं मीठ लागतं, हे ज्याच्या घरी गुरं आहेत त्याला सांगावं लागत नाही. माझ्या परकरात मीठ भरपूर असणार, कारण मी तो अंगावरून काढतच नसे. डाळिंबी रंगाचा, खाली हिरवी किनार, आणि फुगडी घालताना असा फुलायचा की बघणाऱ्या पोरींचा जळफळाट व्हायचा. निदान मला तरी तसं वाटायचं. धुवायला म्हणून अव्वानं तो माझ्या अंगावरून जवळजवळ ओरबाडून नेला, आणि दुपारी मी गोठ्यात गेले तर वासराच्या तोंडातून हिरव्या किनारीचं एक टोक बाहेर लोंबत होतं. ते मी ओढलं, वासरानंही ओढलं. शेवटी माझ्या हातात वीतभर चिंधी आली आणि बाकीचं वासरू शांतपणे गिळत राहिलं. मी अशी बोंब ठोकली की दुकानातून अण्णा धावत आले. त्यांना वाटलं पोरीला विंचू चावला.

आमचं घर बेंबळीत, बाजाराच्या तोंडाशी. पुढं अण्णांचं किराणा दुकान, मागं घर, त्याच्या मागं गोठा, आणि गावाबाहेर थोडी जमीन. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. घरात आणखी माझा थोरला भाऊ दादा, नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी, आणि शेंडेफळ म्हणून डोक्यावर चढवून ठेवलेली मी. माझं वय बारा असेल. पहाटे वहिनीच्या जात्याची घरघर ऐकत मी कूस बदलायची, उठायची ती भाकरीचा पहिला पापुद्रा फुगल्याचा वास आल्यावर. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार, हे पोटात गेल्याशिवाय मला जग दिसत नसे. कामाच्या बाबतीत मी कधीच कुणाच्या मध्ये आले नाही.

तर परकर गेला. आजच्या पोरींना वाटेल, गेला तर दुसरा आणायचा. माझी नात फोनवर बोट फिरवते आणि तिसऱ्या दिवशी माणूस दारात पुडकं आणून देतो. त्या वेळी लढाईच्या नावाखाली कापडावर कंट्रोल आलेला होता. निजामाच्या राज्यात कापड मिळायचं ते चिठ्ठीवर, रांगेत उभं राहून, आणि दुकानात जे आलं असेल ते. त्या खेपेला आमच्या गावाच्या वाट्याला एकाच जातीचं कापड आलं. मांजरपाटासारखं जाड आणि त्यावर निळे पट्टे. बघता बघता सगळं गाव निळ्या पट्ट्यांचं झालं. अण्णांची बंडी पट्ट्यांची, दादाचा सदरा पट्ट्यांचा, शाळेच्या मास्तरांचा पायजमा पट्ट्यांचा, आमच्या उशांचे अभ्रे पट्ट्यांचे. बाजाराच्या दिवशी शेजारचं एक लेकरू पाठमोरा सदरा बघून आपलाच बाप समजून दादाचं बोट धरून आमच्या घरी आलं आणि दूधभाकरी खाऊन गेलं.

अव्वानं त्याच कापडाचा परकर मला शिवायचा ठरवला.

"म्या न्हाय घालणार," मी म्हणाले. "उशीसारखी दिसंन."

"दिस की. उशीसारखी लोळतच असती दिवसभर," अव्वा म्हणाली.

मी उपास धरला. मोठी माणसं मनाविरुद्ध काही झालं की उपास करतात असं दुकानातल्या बोलण्यातून माझ्या कानावर आलेलं होतं. माझा उपास सकाळच्या न्याहारीनंतर सुरू झाला आणि दिवेलागणीला अव्वानं हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं केलं तेव्हा संपला. कुणी समजूत काढायला आलं नाही, म्हणून मीच ताट घेऊन चुलीपाशी बसले.

आता वहिनीचं सांगते. तिचं नाव शांतव्वा. माहेर आळंदच्या पलीकडचं, घरात सगळं कानडी. आमच्या घरी अण्णा-अव्वांना कानडी यायचं, मला समजायचं, पण गावात बोलणं सगळं मराठी. वहिनी मराठी बोलायला गेली की वाक्य अर्ध्यात अडायचं, मी फिदीफिदी हसायची, आणि मग ती बोलायचीच बंद व्हायची. तिला मराठी समजतही नाही असं मी धरून चालले होते. सोळा वर्षांची असेल बिचारी. परसात एकटी भांडी घासताना ती स्वतःशीच कानडीत पुटपुटायची. मी त्याचीही नक्कल करून दाखवायची. दादा हसायचा नाही. अव्वा हसायची, मग मला मारायची.

वहिनीकडं एकच भारी लुगडं होतं. तिच्या वडलांनी लग्नात दिलेलं इरकल. रंग डाळिंबी! माझ्या गेलेल्या परकराचाच रंग, उलट जास्तच गडद, आणि पोत असा की हातातून निसटावा. वर्षभर सणावाराला, पाहुण्यांत, देवळाला तेच नेसून ते बसण्याच्या जागी विरलं होतं. एरवी अव्वानं ते तसंच आणखी चालवलं असतं. पण निरोप आला की येळवशीला वहिनीचे वडील येणार आहेत. येळवस म्हणजे आमच्याकडची मोठी अमावास्या. सगळं गाव घर बंद करून शेतात जातं, कडब्याची खोप करून तिथं पूजा करतं आणि दिवसभर तिथंच जेवतं. लग्नानंतर ते पहिल्यांदाच लेकीकडं येत होते. लेक सासरी रमली की नाही हे बघायला येत होते, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं. त्यांनी दिलेलं लुगडं नेसून लेक समोर यायला हवी, आणि ते विरलेलं दिसता कामा नये. नवं लुगडं कंट्रोलात मिळणार नव्हतं. म्हणून अव्वानं दंड घालायचं ठरवलं.

दंड घालणं आता कुणाला ठाऊक नसेल. लुगडं दोन्ही टोकांना धड राहतं, विरतं ते मध्ये. तर तो विरलेला भाग कापून काढायचा, तिथं दुसऱ्या जुन्या लुगड्याचा तेवढाच धड तुकडा लावायचा आणि दोन्हीकडून बारीक शिवण घालायची. नेसताना जरा सरकवून घेतलं की तो तुकडा निऱ्यांच्या आत जातो. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. सगळी हुशारी मापात असते. तुकडा दोन हातांचा असला तर झाकतो, त्याच्यावर गेला की बाहेर डोकावतो. अव्वा या कामात पटाईत होती, पण चुलीच्या धुरानं तिचे डोळे अधू झाले होते. सुईत दोरासुद्धा मी ओवून द्यायची.

दुपारी दारातल्या उजेडात लुगडं ताणून धरलं. एका टोकाला अव्वा, दुसऱ्या टोकाला वहिनी, आणि मधोमध मी, हातात कोळसा घेऊन. जिथं कापडातून उजेड आरपार येतो तो भाग विरलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना मी खूण करायची होती. विरलेला भाग मोजून दोन हात होता. मला तो स्पष्ट दिसत होता. पण त्या उजेडात सगळं लुगडं डाळिंबाच्या दाण्यासारखं पेटलं होतं, आणि घरची रीत अशी की मधून निघालेला तुकडा लहान पोरीचा. वाकळीला लावू दे, भावलीला नेसवू दे. दोन हातांत काय होतंय, माझ्या मनात आलं. पाच हातांत परकर होतो.

मी कोळसा सरकवला. इकडं दीड हात, तिकडं दीड हात.

अव्वानं हातानं मोजून बघितलं. "पाच हात? आगं, येवढं कशानं विरलं?"

आता इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ! मी म्हणाले, "वैनी सारखी बसूनच असती की. विरंल न्हाय तर काय हुईल?"

पहाटे चारला उठून जातं ओढणाऱ्या बाईबद्दल हे मी बोलले. जिनं ते दळलेलं खाल्लं ती मी. हे लिहिताना आजही कान गरम होतात. वहिनी आपल्याच लुगड्याचं टोक धरून समोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग कोळशाच्या खुणेकडं बघितलं, आणि टोक तसंच ताणून धरलं. तिला समजलंच नसणार, असं म्हणून मी निर्धास्त झाले. डोकावंल तर डोकावंल, फाटण्यापरीस बरं, म्हणत अव्वानं कात्री चालवली. कापड कापल्याचा तो करकर आवाज मला फार गोड वाटला.

त्या दिवसापासून अव्वानं वहिनीला बसू देणं बंद केलं. ती जरा टेकली की अव्वाची हाक यायची. शेवया वळताना, डाळ निवडतानासुद्धा वहिनी उकिडवी बसायला लागली, कपडा जमिनीला लागू नये म्हणून. मी ते बघत होते आणि परकराचा विचार करत होते.

परकर मी स्वतः शिवला, कडब्याच्या गंजीमागं लपून. अव्वाला सांगितलं होतं की तुकडा वाकळीला ठेवलाय. शिवण मला येत नव्हती. घेर चांगला यावा म्हणून मी त्या पाच हातांचे आधी सहा तुकडे केले, कशासाठी ते आता आठवत नाही. मग ते परत जोडले, त्यात दोन उलटे जोडले. कमरेला नाडीची वाट एवढी अरुंद झाली की नाडी आत घालायला मला दोन दुपारी लागल्या. पण रंग डाळिंबी होता. मला त्या शिवणी दिसतच नव्हत्या.

येळवशीच्या आदल्या दिवशी वहिनीचे वडील आले. मी त्यांना मामा म्हणायची. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, खांद्यावर घोंगडं. बोलणं कमी. लेकीनं पाणी दिलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आराम अदी?" म्हणजे बरी आहेस ना. वहिनीनं मान हलवली. ते तांब्या हातात धरून तिच्याकडं बघतच राहिले, पाणी प्यायचं विसरून.

येळवशीच्या पहाटे घरभर वास सुटला होता. सगळ्या शेंगाभाज्या आणि पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवून केलेली भज्जी, लसूण घालून आंबवलेलं आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या. हे सगळं डालग्यांत भरून, वर घोंगडं झाकून बायका शेताला निघाल्या. मी परकर आतून नेसले होते आणि त्याच्यावर निळ्या पट्ट्यांचा. हो, एकावर एक दोन परकर! रस्त्यानं जाताना माझी चाल बदकासारखी झाली होती, आणि दादानं विचारलंही की पायाला काय झालं. वहिनी पुढं होती. डालगं सगळ्या बायकांनी डोक्यावर घेतलेलं, तिनं एकटीनं कमरेवर, पोटापुढं धरलं होतं. मला कळेना असं का. मग एका बांधावरून उतरताना डालगं बाजूला झालं आणि मला दिसलं. डाळिंबी लुगड्यावर पुढून, गुडघ्यापासून खालपर्यंत, अव्वाच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा. निऱ्यांत मावला नव्हता. पाच हात कसा मावेल?  खोटं कशाला सांगू, समजलं सगळं, पण पाय थांबले नाहीत.

खोपीपाशी गेल्यावर मी ज्वारीत शिरून वरचा परकर काढला. शेतात पोरी जमलेल्या होत्या. मी फुगडी धरली आणि गरागरा फिरले. डाळिंबी घेर फुलला, एका पोरीनं "अगं बया!" केलं. आयुष्यात एवढं सुख मला पुन्हा क्वचितच झालं असेल. फिरणं थांबलं, डोकं स्थिर झालं, आणि समोर बघते तर सगळे खोपीपुढं बसलेले. अव्वाचा हात आंबिलाच्या मडक्यात तसाच राहिलेला. अण्णा खाली मान घालून. आणि वहिनीचे वडील माझ्या परकराकडं बघत होते. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि लेकीच्या लुगड्यावरचा हिरवा तुकडा बघितला. मग पुन्हा माझा परकर. ते लुगडं त्यांनी स्वतः बाजारात हातानं पारखून घेतलेलं होतं. त्यांना काय सांगावं लागणार?

 लेक दिली त्या घरात तिच्या अंगावरचं कापून नणंदेला नटवतात, एवढाच त्याचा अर्थ होत होता. माणसं एवढ्यावरून लेक परत घेऊन गेलेली मी ऐकली होती. अव्वाचं तोंड पांढरं पडलं. मला सगळ्यांदेखत मारावं तर पाहुण्यापुढं आणखी शोभा, आणि न मारावं तर मान्य केल्यासारखं. मी तिथंच उभी, सहा तुकड्यांच्या परकरात. खरं बोलायला तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं, पण आवाज आला नाही.

वहिनी उठली. पहिल्यांदाच डालगं बाजूला ठेवून, हिरवा तुकडा न झाकता, सरळ आली आणि माझा परकर कमरेपाशी नीट केला. उलटी शिवण आत दुमडली. मग वडलांकडं बघून म्हणाली, "नाने कोट्टे." मीच दिलं. आणि पुढं कानडीतच, "लहान आहे. वासरानं हिचा परकर खाल्ला, दिवसभर रडत होती. बघवलं नाही मला. अत्ती नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही." अत्ती म्हणजे सासूबाई. तिनं अव्वालासुद्धा आत घेतलं.

 वडलांनी मला जवळ बोलावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अण्णांना म्हणाले, "आपलं कापून देतीय म्हणजे पोर रमली म्हणायची, पाव्हणं." त्यांचे डोळे भरले होते. ते पोटभर जेवले. आंबील तीनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे समाधानानं गेले.

ते वेशीबाहेर गेले आणि अव्वानं मला धरलं. लाटणं मोडलं एवढं सांगते. "भवाने! पाव्हण्यापुढं माती केली असतीस की गं! आन् ही बसून असती म्हणलीस?" मग परकर उसवून तुकडा पुन्हा लुगड्याला लावायचा म्हणून तिनं तो उजेडात धरला, आणि माझी कारागिरी बघून कपाळावर हात मारला. सहा तुकडे, त्यात दोन उलटे! त्याचं लुगडं होणार नव्हतं. वहिनीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घालू द्या तिला." मी तो पुढं चार महिने घातला आणि मग उंची वाढली, आखूड झाला. वहिनीनं हिरव्या तुकड्याचं लुगडं पुढं किती तरी वर्षं वापरलं.

त्या दिवसानंतर मी तिची नक्कल केली नाही. पहाटे जात्यावर समोर बसायला लागले. दळायची कमी, पेंगायची जास्त, पण बसायची. आमचं मेतकूट जमलं. पुढं माझं लग्न झालं, लेकरं झाली, राज्य बदललं, आणि ही गोष्ट मी जिथं जाईन तिथं सांगत सुटले. सांगण्याचा रोख नेहमी एकच: आमच्या वहिनीचा माझ्यावर किती जीव! भर शेतात सख्ख्या बापाशी खोटं बोलली, माझ्यासाठी. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं, जणू सगळं मीच सोसलं होतं.

अलीकडं, म्हणजे तेही आता बरीच वर्षं झाली, नातीच्या बारशाला वहिनी आली होती. दात गेलेले, पण मराठी अशी फर्डी की बेंबळीतली कुणी टिकणार नाही. मी बायका जमवून गोष्ट सुरू केली. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मी "माझ्यासाठी खोटं बोलली" म्हणाले आणि ती हसायलाच लागली.

"तुज्यासाठी? आगं जा तिकडं! तवा तुला उभी चिरली असती म्या. बसून असती म्हणं! समदं कळत हुतं मला."

"मग का बोललीस तसं?" मी विचारलं.

तिनं हसणं थांबवलं. पदरानं तोंड पुसलं. "मग काय सांगू बापाला? तो तसाच उठून घरी गेला असता आन् चार दिसांनी दुसरं लुगडं घेऊन आला असता माज्यासाठी. कापड तिकडं तरी कुठं मिळत हुतं? आमच्या घरात धड लुगडं येकच ऱ्हायलं हुतं. आईच्या अंगावरचं."

 कुणीतरी पाळण्याची दोरी हातात घेतली. मला लाज वाटली. त्या दुपारी दारात कोळसा हातात असताना वाटायला हवी होती तेवढी सगळी, एकदम, या वयात, भरल्या घरात.